आहेर काकांना मेजर कुणी केलं

आहेर काका खुर्चीला पाठ टेकवत नसत. आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे, तासभर बसायचे, पण त्यांची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यात वीतभर जागा कायम रिकामी. आई म्हणायची, "भाऊ, जरा नीट बसा की." ते म्हणायचे, "नीटच बसलोय वहिनी. तुम्ही सगळे वाकडे बसता."

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत ते आणि सुमनकाकू तळमजल्यावर, त्यांच्या डोक्यावर आम्ही. काका बागलाणातले, सटाण्याच्या पुढच्या एका खेड्यातले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सातपूरच्या एका कंपनीत गेटवर सुपरवायझर म्हणून लागले. मी कंत्राटी कामगारांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं, छापून आणणं, शिफ्ट सुटताना गेटासमोर वाटणं, हे माझं काम. म्हणजे आम्ही दोघं रोज एकाच गेटावर. ते आतून, मी बाहेरून. एकदा चिडून म्हणाले होते मी, "काका, तुम्ही शेवटी मालकाच्या बाजूचे." त्यांनी पत्रकाची नीट चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली. "मी दाराच्या बाजूचा," म्हणाले.

पत्रक मात्र पूर्ण वाचायचे. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून चूक दाखवायचे. "तिसऱ्या ओळीत साहेबाला शिवी दिलीस. शिवी दिली की लोक शिवीच वाचतात, खालचं वाचत नाहीत." मग हळूच, "बाकी खाली नाव छापतेस, फोन नंबर छापतेस, हे बरं करतेस. तुझं काम नाव सांगायचं. आमचं न सांगायचं."

हे न सांगणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांचा नियम साधा होता आणि तो ते मलाच नव्हे, दूधवाल्यालाही ऐकवायचे: विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि न विचारलेलं सांगायचं नाही. त्यांच्या फोनवर स्वतःच्या फोटोच्या जागी लाल जास्वंद होती. फेसबुकवर ते नव्हतेच. इमारतीच्या ग्रुपवर त्यांचा एकच मेसेज वर्षानुवर्षं येत राहिला: "टाकी भरली आहे." घरात फौजेतली काळी पत्र्याची पेटी होती. अशा पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण लिहिलेली असते. काकांनी निवृत्त होऊन आल्या आल्या त्यावरून काळा हात मारला होता. उन्हाची तिरीप आली की खालची अक्षरं उठून दिसायची, म्हणून सुमनकाकूंनी वर गोणपाटाची खोळ शिवली होती.

आता आमच्या जिल्ह्याची एक खोड सांगते, कारण सगळं तिथंच सुरू होतं. फौजेतून आलेला माणूस शिपाई असो, ड्रायव्हर असो, लंगरात भाकऱ्या भाजणारा असो, गावात पाय ठेवला की तो "मेजर". पारावर मेजर, सोसायटीत मेजर, लग्नपत्रिकेत मेजर. कुणी फसवत नाही, कुणी फसत नाही. प्रेमानं म्हणतात. काका मात्र प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. "मी हवालदार. तीन फिती." समोरचा हसून म्हणायचा, "बरं मेजर."

आमच्या इमारतीचे चेअरमन खैरनार हे या बाबतीत सुधारण्यापलीकडचे. मनानं मोकळा माणूस, इमारतीत कुणी आजारी पडलं तर पहिली गाडी खैरनारांची निघते. पण फोन हातात आला की हात आवरत नाही. काकांच्या वाढदिवसाला त्यांनी ग्रुपवर टाकलं, "आपले लाडके मेजरसाहेब." खाली तिरंगे, हात जोडलेले, सगळा थाट. काकांनी उत्तर लिहिलं नाही. चप्पल घालून चौथ्या मजल्यावर गेले.

"खैरनार, ते काढा."

"अहो मेजर, अभिमान वाटतो आम्हाला."

"वाटू द्या. पण तो घरात ठेवा. आणि मी हवालदार."

खैरनारांनी काढलं, आणि खाली लिहिलं, "मेजरसाहेबांच्या आदेशावरून पोस्ट काढण्यात येत आहे." काका पुन्हा चौथ्या मजल्यावर.

गावाकडचं प्रकरण याहून वाईट झालं होतं. पुतण्या भरती झाला, तेव्हा भावानं एसटी थांब्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. पोराचा वर्दीतला फोटो, पूर्ण नाव, आईबापाचं नाव, कुठल्या केंद्रात ट्रेनिंगला चालला तेही. पोरांनी त्याचा फोटो काढून जिथं तिथं टाकला. काका सटाण्याच्या गाडीनं गेले आणि भर बाजाराच्या दिवशी विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. भाऊ ओरडला, "पोराचं कौतुक बी करू नाय का? जळतो का रे तू?" काका फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन परत आले. सुमनकाकूंनी दारातच विचारलं, "हाई काय शे?" ते म्हणाले, "कांद्यावर झाकायला होईल." भाऊ पुढं दोन दिवाळ्या बोलला नाही.

मला हे सगळं अतिरेकी वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचे. माझं मत पत्रकी होतं, ठाम होतं. जो माणूस देशासाठी थंडीत उभा राहिला, त्यानं चारचौघांत, फेसबुकवर, कुठंही छाती ठोकून सांगावं. न सांगितल्यानं फायदा कुणाचा होतो? जे कधी छावणीच्या दारापर्यंत गेले नाहीत आणि रोज देशभक्तीची दुकानं मांडतात, त्यांचा. खरी माणसं गप्प, आणि मैदान बोलघेवड्यांना मोकळं. काका ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बोलून झालं? आता टाकीचा कॉक बंद कर जाताना."

मग दिनेशचं झालं.

दिनेश सुरगाण्याकडचा, कंत्राटदाराकडून आलेला, पॉवर प्रेसवर लावलेला. हात आत जाऊ नये म्हणून त्या प्रेसला एक जाळी असते. उत्पादन वाढतं म्हणून ती काढून ठेवली होती. उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याला रिक्षात घालून मागच्या दारानं काढलं आणि संध्याकाळपर्यंत कंपनीनं सांगायला सुरुवात केली की हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. बाहेर कुठंतरी हात कापून घेतला असेल. कंत्राटदारानं मान डोलावली. आतल्या कुणाची बोलायची हिंमत नव्हती, कारण आत सगळेच कंत्राटी.

काका स्वतःहून आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. टोपी काढून, नेहमीसारखी पाठ न टेकवता बसले.

"सकाळी मी त्याला गेटातून आत सोडला. माझ्यासमोर डबा उघडून दाखवला त्यानं. दहा बोटं घेऊन आत गेलाय तो. हे मी सांगणार, कुठं सांगायचं ते तू सांग."

नोकरी जाईल, हे मी त्यांना सांगितलं. मला तेवढं तरी प्रामाणिक राहता आलं पाहिजे. ते म्हणाले, "विचारलं तर खोटं बोलायचं नाही. आता सरकार विचारणार ना? झालं तर."

त्या पूर्ण प्रकरणात दिनेशच्या बाजूनं एवढं एकच वाक्य होतं. कागद कंपनीचे, मशीन कंपनीचं, माणसं कंपनीची. दहा बोटं घेऊन आत गेला, हे एका माणसाचं तोंडी वाक्य, आणि त्या माणसाची पत. मी पत्रक लिहायला घेतलं आणि मथळा घातला, "माजी सैनिकाची साक्ष." काकांनी पेन मागून घेतलं आणि मथळ्यावर काट मारली.

"गेटवरच्या माणसाची साक्ष, असं लिही."

"काका, सैनिक म्हटलं की लोक ऐकतील."

"मग ते वर्दीचं ऐकतील. मी तर गेटवरून बघितलं, बॉर्डरवरून नाय."

मी तसंच छापलं. गेटवरच्या माणसाची साक्ष.

आणि इथं खैरनार पुन्हा आले. गणपतीत आरतीला काकांकडे गेले असताना आतल्या खोलीतला काकांचा वर्दीतला जुना फोटो त्यांनी आपल्या फोनमध्ये घेऊन ठेवला होता. आमचं पत्रक वाचून त्यांना भरून आलं. इंदिरानगरच्या फेसबुक ग्रुपवर त्यांनी तो फोटो टाकला आणि वर लिहिलं, "आपल्या इंदिरानगरचा वाघ, मेजर रंगनाथ आहेर. सीमेवर लढले, आता गरिबासाठी लढत आहेत." शुद्ध हेतूनं लिहिलं. शुद्ध हेतूनं लोकांनी पुढं पाठवलं. दुपारपर्यंत ते नाशिकच्या बाहेर गेलं.

बाहेर लोकांना आमची खोड माहीत नाही.

नकली फौजी शोधून त्यांना चव्हाट्यावर आणणारं फेसबुकवर एक पान आहे. असे नकली असतात, त्यांना पकडावं, माझी तक्रार नाही. पण त्या पानानं फोटोतल्या दंडावरच्या तीन फितींना लाल गोल केला आणि विचारलं, "हवालदाराच्या फिती लावून मेजर? आणि मेजर कंपनीच्या गेटवर वॉचमन?" खाली एक शब्द: बोगस. त्यावर जे तुटून पडले त्यांतल्या किती जणांनी फौज बघितली होती कोण जाणे. कुणी म्हणालं, शहिदांचा अपमान. कुणी म्हणालं, भररस्त्यात वर्दी उतरवा याची. काकांची वर्दी तर पेटीत डांबराच्या गोळ्यांत होती.

खैरनारांनी घाबरून पोस्ट काढली. काढली त्याचा अर्थ लोकांनी हाच लावला की चोरी पकडली गेली.

मग त्या पानावरच्या एकाचा फोन आला. नंबर कुठून मिळाला ते कळलं नाही. मी तेव्हा काकांच्या घरी बसले होते, सुमनकाकू मेथी निवडत होत्या. काकांनी स्पीकर लावला, कारण त्यांना हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. पलीकडचा पोरगा हिंदी-मराठी मिसळून बोलत होता.

"नंबर बताओ आपला. पलटण कोणती, कुठं कुठं पोस्टिंग, कोणत्या साली. लाईव्ह या आणि सिद्ध करा."

काका शांतपणे म्हणाले, "भाऊ, तू खरा फौजी असशील तर मला हे फोनवर विचारणार नाहीस. आणि मी खरा असेन तर सांगणार नाही."

मला वाटलं, जिंकले. संध्याकाळी तोच आवाज त्या पानावर होता, फक्त शेवटचे दोन शब्द सोडून बाकी सगळं कापलेलं. "सांगणार नाही." वर लिहिलेलं, घाबरला.

मी वर जाऊन लॅपटॉप उघडला. दोन पानं लिहिली, अशी आग की वाचणाऱ्याचे डोळे जळावेत. मग वाटलं, काकांना दाखवावं. दुसऱ्या दिवशी सातपूरहून परतताना आम्ही एकाच बसला होतो. त्यांनी माझ्या फोनवर ते वाचलं, शेवटपर्यंत, आणि फोन परत दिला.

"एक शब्द टाकू नको."

"काका, गप्प बसलात तर ते खरं ठरतं. फौजेचं डिस्चार्ज बुक आहे ना तुमच्याकडे? एक फोटो टाकू. पाच मिनिटांत तोंडं बंद होतील."

"त्यात नंबर हाय, पलटण हाय. कुठं कुठं होतो ते हाय. पलटण अजून तिथंच हाय, पोरी. मी तेवढा परत आलो."

बस सिग्नलला थांबली होती. ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, आणि ते असं कधी बोलत नसत.

"माझ्या सेक्शनमध्ये एक पोरगा होता. सांगलीकडचा. तेव्हा नुकते हातात असले फोन आले होते. फेसबुकवर त्याला एक पोरगी भेटली. मराठी बोलायची. आईची चौकशी करायची, जेवलास का विचारायची. ती पोरगी नव्हती ते पुढं कळलं. पोरग्यानं तिला काय सांगितलं माहीत हाय? बर्फ आज कमी हाय. बस. एवढंच. बर्फ कमी म्हणजे वाट चालू. त्या आठवड्यात त्याच वाटेवर आमची दोन माणसं मारली गेली."

"त्याच्यामुळं?"

"त्याच्यामुळं की नशिबानं, आम्हाला कोण सांगतंय. त्याचा फोन मीच वर नेऊन दिला. त्याला घेऊन जाईपर्यंत तो रोज मला विचारायचा, उस्ताद, माझ्यामुळं का?"

"तुम्ही काय सांगायचात?"

"नाय म्हणायचो." मग म्हणाले, "विचारलं तर खोटं बोलायचं नाही म्हणतो ना मी. तेवढं एक बोललो."

आमचा थांबा आला. त्यांनी नेहमीसारखं मला आधी उतरू दिलं.

कामगार खात्याच्या ऑफिसात तारीख लागली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काखेत पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक. साहेबांनी नाव विचारलं, काम विचारलं. काकांनी आपलं वाक्य सांगितलं, दहा बोटांचं. दिनेश कोपऱ्यात हात पंच्यात गुंडाळून उभा होता. मग कंपनीच्या माणसानं आपला फोन टेबलावर सरकवला.

"साहेब, हा माणूस स्वतःला मेजर म्हणवतो. आख्ख्या महाराष्ट्रानं पकडलाय याला. याच्या शब्दावर आमची कंपनी दोषी ठरवणार?"

साहेबांनी फोन बघितला. "हे काय आहे, आहेर?"

"मी लिहिलं नाही साहेब. मी हवालदार होतो. हे बुक."

"मग हे मेजर कुणी लिहिलं?"

मी काकांकडे बघत होते. खैरनारांचं नाव घ्यायचं होतं, एवढंच. खैरनार याच शहरात, आमच्याच इमारतीत, बोलावलं असतं तर आले असते किंवा नसते. त्यांना आदल्या दिवशी मी विचारलं होतं, तर म्हणाले, "मला बीपी आहे गं." काकांनी नाव घेतलं नाही.

"लोकांनी," म्हणाले.

साहेबांनी डिस्चार्ज बुक उघडून बघितलं, बंद केलं, परत दिलं. "तुम्ही खरे आहात, ते मला दिसतंय," असंही म्हणाले, पण हळू. मोठ्यानं त्यांनी पुढची तारीख दिली.

पुढची तारीख यायची वेळच आली नाही. काकांना गेटवरून काढलं, ते अपेक्षित होतं. त्याच आठवड्यात कंत्राटदार दिनेशच्या खोलीवर गेला. त्याला धमकी द्यावी लागली नाही. त्यानं फक्त फोन दाखवला. तुमचा साक्षीदारच बोगस निघाला, आता कोर्टात जाशील तर तूही त्याच्याबरोबर खोटा ठरशील. तक्रार मागं घेतल्याच्या कागदावर दिनेशनं डाव्या हाताचा अंगठा दिला.

हे कळल्यावर काका माझ्याबरोबर दिनेशच्या खोलीवर आले. पत्र्याची खोली, दिनेशची बायको चुलीशी, पोरगं झोपलेलं. काकांनी पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. ज्या माणसानं ते बुक आख्ख्या दुनियेला दाखवायला नकार दिला, त्यानं ते या एका माणसापुढं स्वतःहून उघडलं. कुणी विचारलं नव्हतं.

"हे बघ. मी खरा हाय. मी खोटं बोललो नव्हतो."

दिनेशनं पान बघितलं. त्याला ते वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी काय.

"मला ठावं हाय काका," तो म्हणाला. "तुमीच तर डबा बघला माझा. पण आता दावून काय करू?"

काकांनी पुढं केलेले हात मागं घेतले. मग बुक पिशवीत ठेवलं.

मला आजही विचारतात, सैनिकानं ऑनलाइन आपली सेवा सांगावी की नाही, तुमच्या संघटनेचं मत काय. माझ्याकडे आता पत्रकी उत्तर नाही. सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण आपण त्याच्या वतीनं सांगू नये. तुमचा अभिमान तुम्ही एका बोटानं पुढं ढकलता. त्याखाली नाव दुसऱ्याचं असतं, चेहरा दुसऱ्याचा असतो, आणि उत्तर द्यायला त्यालाच उभं करता. खैरनार अजून मला जिन्यात भेटतात. "माझा हेतू वाईट नव्हता गं," म्हणतात. मला माहीत आहे. म्हणून तर मी त्यांच्याशी नीट बोलू शकत नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा वॉचमननं फडकवला. दर वर्षी काकाच म्हणायचे की वॉचमनला सांगा, आणि लोक आग्रह करकरून त्यांच्याच हातात दोरी द्यायचे. या वेळी कुणी आग्रह केला नाही. खालची पोरं "बोगस मेजर" म्हणत सलाम ठोकून पळायची. काका त्यांना पहिल्यासारखंच सांगायचे, "मी हवालदार." नंतर तेही सांगायचं सोडलं. उन्हाळ्याच्या आधी घर भाड्यानं देऊन दोघं गावी गेले. जाताना मी खाली नव्हते, संघटनेच्या कामाला मालेगावला होते.

त्यानंतर एकदाच दिसले. मनमाडला मी गाडी बदलत होते. प्लॅटफॉर्मवर बाकावर आहेर काका बसले होते, पायाशी गोणपाट शिवलेली पेटी. एकटेच. नेहमीसारखे ताठ, बाकाच्या पाठीपासून वीतभर पुढं. शेजारी एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ शेंगा खात होते. मी जवळ जात होते, तेवढ्यात त्या गृहस्थांनी शेंगा पुढं केल्या आणि गप्पा काढल्या.

"काय हो बाबा, फौजेत होते का? नाय, बसण्यावरून वाटतं. आमच्याकडं बी एक मेजर हाय, असाच बसतो."

त्याच वेळी काकांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला ओळखलं. मान डावी-उजवीकडे इतकी थोडी हलली की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी थांबले. पत्रकं वाटणारी, दिसेल त्या गेटावर तोंड उघडणारी मी, तिथंच थांबले.

"नाय," ते त्या माणसाला म्हणाले. "मी सातपूरला होतो, कंपनीत."

"अस्सं," तो म्हणाला आणि शेंगा सोलत राहिला.

काकांनी खांदे सैल सोडले. मग हळूच मागं सरकले आणि बाकाला पाठ टेकवून बसले.